मल्लेश्वरम ते केदारखंड : चौदा जणांची यात्रा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात पहाट होते ती आठव्या क्रॉसवरच्या फुलांच्या टोपल्यांनी आणि काडू मल्लेश्वराच्या देवळातील घंटेने. येथील रस्त्यांना झाडांची नावे आहेत. संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता, तर मार्गोसा रोड कडुनिंबाचा. १८९८ मध्ये बेंगळुरूत प्लेगने थैमान घातले, तेव्हा गावाबाहेरील मोकळ्या, हवेशीर जागेतील ही वसाहत वाढीस लागली. देऊळ मात्र वसाहतीहून कितीतरी जुने आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी राजे, यांनी या देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. ‘काडू’ म्हणजे कन्नडमध्ये रान. रानातल्या महादेवाशी मराठी माणसाचे नाते असे साडेतीनशे वर्षांपूर्वी जडले.

या महादेवाच्या दर्शनाने दिवस सुरू करणाऱ्या अनेक मराठी घरांत एक इच्छा पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असते. एकदा केदारनाथ-बदरीनाथ करावे, आणि तेही सर्वांनी मिळून. एकट्या-दुकट्याने जाणारे पुष्कळ असतात. परंतु आजीपासून सात वर्षांच्या नातीपर्यंत सारे घर एकदम हलवायचे म्हणजे नियोजनाची, पैशाची आणि त्याहून अधिक मनांची परीक्षा. अशा घरांचे अनुभव एकत्र गुंफून येथे एका चौदा जणांच्या कुटुंबाची यात्रा मांडली आहे. नावांऐवजी त्यातील नातीच पुरेशी आहेत.

संकल्प आणि आवर्ती ठेव

घरातील मुख्य व्यक्ती म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. त्यांना तीन मुलगे, तीन सुना, मुलगी व जावई आणि पाच नातवंडे. थोरले चिरंजीव सेवानिवृत्त. त्यांच्याकडे यात्रेची फाइल. मधली सून बँकेत नोकरीला. तिच्याकडे यात्रेचा हिशेब. आजोबा हयात असताना दोन वेळा बेत ठरला आणि दोन्ही वेळा मोडला. एकदा मुलीचे लग्न आले, एकदा आजोबांचे आजारपण. त्यामुळे तिसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा मधल्या सुनेने एकच अट घातली, “आधी खाते उघडू, मग तारीख ठरवू.”

त्याप्रमाणे चोवीस महिन्यांची आवर्ती ठेव सुरू झाली. प्रत्येक कमावत्या व्यक्तीने आपापल्या ऐपतीप्रमाणे दरमहा भर घातली. आजींनी निवृत्तिवेतनातून वाटा उचलण्याचा हट्ट धरला व तो मान्य झाला. मधल्या सुनेने रजा-प्रवास सवलत राखून ठेवली. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली होती, त्यामुळे अंदाजपत्रकात आजींचे तिकीट पूर्ण दराने धरावे लागले. दोन वर्षांनी ठेवीची मुदत भरली, तेव्हा कोणाच्याही घरखर्चाला धक्का न लावता यात्रेची रक्कम हाती होती. मोठ्या कुटुंबाच्या प्रवासात पैशावरून जे रुसवेफुगवे होतात, ते या एका गोष्टीमुळे टळले.

काळ निवडला दसऱ्याच्या सुट्टीचा. केदारनाथाची दारे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. मे-जूनमध्ये गर्दी उसळते, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दरडी कोसळतात. पाऊस ओसरल्यावर थंडी वाढते खरी, पण आकाश निवळते आणि शिखरे दिसू लागतात.

तयारीचा आरंभ सांकी तलावावर झाला. १८८२ मध्ये बांधलेल्या या तलावाच्या काठाने घरातील सर्वांनी दीड महिना रोज सकाळी फेऱ्या मारल्या. पहिल्या आठवड्यात गप्पा अधिक आणि चालणे कमी. चौथ्या आठवड्यात आत्याबाईंचे यजमानही न थांबता दोन फेऱ्या करू लागले. नातू मात्र सतरा वर्षांचा. तो सर्वांना मागे टाकून धावत पुढे जाई आणि काठावरच्या बाकावर बसून इतरांची वाट पाही. त्याच्या या वेगाचे कौतुक होत असे. पुढे हाच वेग त्याला महागात पडणार होता.

आगगाडीतले घर

आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी घेता येतात. त्यामुळे चौदा जणांची तीन तिकिटे झाली आणि जागा दोन डब्यांत विखुरल्या. आजींना खालचा बर्थ मिळाला, एवढ्यावर थोरल्या चिरंजीवांनी समाधान मानले. कर्नाटक एक्सप्रेसने बेंगळुरू ते नवी दिल्ली हा सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास. संध्याकाळी गाडी सुटते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली येते.

विमानाने हेच अंतर तीन तासांत कापता येते, आणि धाकट्या चिरंजीवांनी ते सुचविलेही होते. परंतु खर्चाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आगगाडीने जे दिले ते विमानाने दिले नसते. एरवी एकाच शहरात राहूनही सणावारी तास-दोन तास भेटणारी चार बिऱ्हाडे येथे दीड दिवस समोरासमोर बसली. पहिल्या रात्रीच दोन सहप्रवाशांना विनंती करून जागा बदलून घेतल्या गेल्या आणि एक कप्पा घरचाच झाला.

या गाडीचा मार्ग मराठी माणसाला विशेष जवळचा. रायचूर, कलबुर्गी मागे पडते आणि सकाळी सोलापूर येते. तेथे आजींची भाची फलाटावर उभी होती. तिच्या हातात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि चौदा जणांना पुरेल इतके दही. गाडी काही मिनिटेच थांबली. निम्मा वेळ डबा शोधण्यात गेला, उरलेला वेळ आजींचा हात हातात धरण्यात. गाडी हलली तेव्हा भाचीने ओरडून सांगितले, “मावशी, माझ्या नावानं एक बेल वाहा!” आजींनी खिडकीतूनच मान डोलावली. दौंड, अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड अशी एकेक स्थानके येत गेली आणि आजी नातवंडांना कोणत्या गावी कोण नातलग होते ते सांगत राहिल्या. शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकणाऱ्या त्या मुलांसाठी महाराष्ट्राचा हा भूगोल नवा होता. भुसावळला रात्र झाली. सकाळी जाग आली तेव्हा गहू-मोहरीचा सपाट उत्तर हिंदुस्थान खिडकीबाहेर पसरला होता.

दिल्लीहून दुपारच्या गाडीने संध्याकाळी हरिद्वार. येथे रेल्वे आली १८८६ मध्ये. त्यापूर्वी दक्षिणेतून येणारा यात्रेकरू महिनोन्‌महिने चालत असे, आणि घरून निघताना परत येण्याची खात्री नसल्याने निरवानिरव करूनच निघे. त्या काळातही यात्रेकरूंची काळजी वाहणारे होते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केदार-बदरीच्या वाटेवर धर्मशाळा बांधविल्या. महेश्वरच्या राजगादीवरून त्यांनी गढवालच्या पायवाटेवरील थकल्या माणसाचा विचार केला, ही गोष्ट आजींनी हर की पौडीच्या पायऱ्यांवर बसून नातीला सांगितली.

हरिद्वारला एका गोष्टीने सर्वांना चकित केले. मल्लेश्वरम समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, हरिद्वार सुमारे ३१४ मीटरवर. म्हणजे हिमालयाकडे निघालेले हे कुटुंब तीन दिवसांत प्रत्यक्षात सहाशे मीटर खाली उतरले होते! खरी चढण पुढेच होती.

संगमांचा रस्ता

हरिद्वारहून एक लहान बस ठरविली होती. चालक गढवाली, वयाने पन्नाशीचा, बोलणे मोजके. ऋषीकेश सोडताना त्याने दोन नियम सांगितले. सूर्य मावळल्यावर गाडी चालणार नाही, आणि कोणी “लवकर चला” म्हणायचे नाही. थोरल्या चिरंजीवांच्या फाइलीत प्रत्येक मुक्कामाची वेळ मिनिटांत लिहिलेली होती. त्यांनी काही क्षण विचार केला आणि फाइल बंद केली.

ऋषीकेशपासून रस्ता गंगेच्या कडेने वर चढतो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तेथून नदीला गंगा हे नाव लाभते. स्थानिक लोक खळाळत येणाऱ्या भागीरथीला सासू म्हणतात आणि शांत वाहणाऱ्या अलकनंदेला सून. चालकाने हे सांगताच बसमधील तिन्ही सुना एकमेकींकडे पाहून हसल्या. आजी म्हणाल्या, “संगमानंतर कोण सासू नि कोण सून, ते पाण्यात दिसतं का बघा.” दिसत नव्हते.

पुढे श्रीनगर, मग रुद्रप्रयाग. येथे मंदाकिनी अलकनंदेला मिळते. आठ वर्षे या परिसराला धास्तीत ठेवणारा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये येथेच मारला. त्या काळी यात्रेकरू संध्याकाळ होताच ‘चट्टी’वर, म्हणजे वाटेवरच्या निवाऱ्यात, दारे लावून बसत. मोटारीचे रस्ते वर पोचले ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि पहाडात रस्तेबांधणीला वेग आला. आता रेल्वेही येथे येऊ पाहत आहे. ऋषीकेश ते कर्णप्रयाग हा १२५ किलोमीटरचा लोहमार्ग बहुतांशी बोगद्यांतून जाणार असून, त्यातील साडेचौदा किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे खोदकाम एप्रिल २०२५ मध्ये आरपार झाले. पुढच्या पिढीतील यात्रेकरू हे संगम कदाचित वेगळ्याच रीतीने पाहतील.

वळणांनी मुलांना मळमळू लागले. आवळासुपारी, लिंबू आणि आल्याच्या वड्या फिरल्या. संध्याकाळी सुमारे १,३०० मीटर उंचीवरील गुप्तकाशीला बस पोचली. येथे दोन रात्रींचा मुक्काम मुद्दाम ठेवला होता, कारण शरीराला उंचीची सवय होण्यास वेळ द्यावा लागतो.

गुप्तकाशीची बैठक

गुप्तकाशीच्या दुसऱ्या संध्याकाळी यात्रेतील सर्वांत अवघड प्रसंग आला. तो कड्यावर नव्हे, निवासाच्या खोलीत घडला.

गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. मधली वाट सोळा किलोमीटरची. केदारनाथाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. श्वास तोच, पण त्यातून मिळणारा प्राणवायू कमी. आजींचा रक्तदाब गेली दहा वर्षे औषधांवर होता आणि त्या दिवशी वैद्यकीय केंद्रात केलेल्या तपासणीत तो वाढलेला आढळला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, वर न जाणे शहाणपणाचे.

थोरले चिरंजीव अस्वस्थ झाले. “आईसाठी तर सगळं केलं. डोली करू. नाहीतर हेलिकॉप्टर आहे.” त्यावर मधल्या सुनेने शांतपणे मुद्दा मांडला. डोलीत चालण्याचे श्रम वाचतात, विरळ हवा टळत नाही. हेलिकॉप्टर तर काही मिनिटांत वर नेऊन सोडते आणि शरीराला सवय होण्यास वेळच मिळत नाही. शिवाय जून २०२५ मध्ये याच खोऱ्यात हेलिकॉप्टर कोसळून सात जणांचा मृत्यू झाल्याची बातमी सर्वांच्या मनात ताजी होती.

खोलीत शांतता पसरली. मग मधली सून म्हणाली, “आई, तुम्ही इथं राहा. मी तुमच्याजवळ थांबते. बाकीच्यांना जाऊ द्या.”

घरातील कोणालाही हे नवे नव्हते. आजारपण असो, पाहुणे असोत, थांबायचे ते मधल्या सुनेने, हा अलिखित नियम होता. परंतु या वेळी आजींनी मान हलवली. “तू वर्षभर माझ्यापाशीच थांबतेस. बँकेतून येतेस आणि माझ्या गोळ्या मोजतेस. या खेपेला तू जा.”

“पण मग तुमच्याजवळ कोण?”

उत्तर थोरल्या चिरंजीवांकडून आले, आणि ते थोड्या वेळाने आले. “मी थांबतो.” दोन वर्षे ज्यांनी नकाशे, वेळापत्रके आणि परवानगीचे कागद जमविले, ते केदारनाथ न पाहता राहणार होते. आत्याबाईंनी विरोध केला. आजी मात्र गप्प राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, इतकेच. धाकटी नात दमून झोपली होती; तिलाही आजीपाशीच ठेवायचे ठरले. आपल्या वाट्याचे दर्शन काकांनी सोडले हे पाहून सतरा वर्षांचा नातू म्हणाला, “थोरले काका, तुमच्यासाठी मी वर जाईन. तुमचा नमस्कार मी सांगेन.”

वेगाचा धडा

दुसऱ्या दिवशी पहाटे अकरा जण सोनप्रयागला पोचले. तेथे यात्रेची नोंदणी तपासतात आणि पुढे गौरीकुंडापर्यंत स्थानिक जीपने जावे लागते. ही नोंदणी आता टाळता येत नाही, आणि तिच्यामागे एक मोठे दुःख आहे. १६ व १७ जून २०१३ रोजी अतिवृष्टी झाली, मंदिरामागील चोराबारी तलावाचा बांध फुटला आणि पाणी, दगड, गाळ यांचा लोंढा खोऱ्यात घुसला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. वर नेमके किती जण होते, याचा हिशेबच कोणापाशी नव्हता. वाटेवरचे रामबाडा हे गजबजलेले ठिकाण नकाशावरून पुसले गेले. पूर्वी चौदा किलोमीटरची असलेली वाट आता मंदाकिनीच्या पलीकडच्या तीराने जाते आणि दोन किलोमीटरनी लांबली आहे.

आत्याबाईंचे यजमान खेचरावर बसले, बाकीचे पायी निघाले. जंगलचट्टी, भीमबली, मग रामबाडा. खेचरांची रांग आली की दरीकडे न सरता डोंगराकडे अंग चोरून उभे राहायचे, हे चालकाने पढविले होते. नातू मात्र सांकी तलावावरच्या सवयीने पुढे निघून गेला. लिंचोलीच्या आधी तो एका दगडावर बसलेला आढळला. डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली होती आणि तरी तो उठून चालू पाहत होता. “काकांना शब्द दिलाय,” एवढेच तो म्हणत होता.

वाटेवरील मदत केंद्रात त्याचा प्राणवायू मोजला गेला. तो बराच कमी भरला. उंचीच्या त्रासावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणे. धाकटे चिरंजीव त्याच्याबरोबर मागे फिरले. भीमबलीपर्यंत उतरताच त्याचे डोके हलके झाले, पण मन जड होते. घरातील सर्वांत तगडा मुलगा अर्ध्या वाटेवरून परतला आणि गुडघेदुखीची तक्रार करणारी, दर पन्नास पावलांवर थांबणारी त्याची मधली काकू अंधार पडण्यापूर्वी केदारपुरीत पोचली. डोंगर वय पाहत नाही, वेग पाहतो.

वर नऊ जण पोचले. समोर अखंड शिळांचे मंदिर आणि मागे बर्फाची भिंत. मंदिराच्या पाठीशी एक प्रचंड शिळा आहे. २०१३ च्या पुरात ती वाहत येऊन नेमकी तेथे अडकली आणि लोंढा दुभंगून मंदिराच्या दोन्ही बाजूंनी गेला. मंदिरामागे आद्य शंकराचार्यांचे समाधिस्थान आहे. तेथील बारा फुटी मूर्ती म्हैसूरचे शिल्पकार अरुण योगीराज यांनी घडविली असून नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे अनावरण झाले. केदारनाथाचे रावळ दक्षिणेतील वीरशैव परंपरेतून येतात. मल्लेश्वरमहून आलेल्या माणसांना इतक्या दूर, बर्फाच्या कुशीत, आपल्या मुलखाची ओळख अशी भेटली.

पहाटेच्या दर्शनात मधल्या सुनेने चार वेळा हात जोडले. एकदा स्वतःसाठी, एकदा सोलापूरच्या मावसनणंदेच्या बेलासाठी, एकदा थोरल्या दिरांसाठी आणि एकदा अर्ध्या वाटेवरून परतलेल्या पुतण्यासाठी.

देव जेथे खाली येतो

इकडे आजी, थोरले चिरंजीव आणि नात यांनी दिवस वाया घालविला नव्हता. गुप्तकाशीसमोर, मंदाकिनीच्या पलीकडच्या डोंगरउतारावर ऊखीमठ आहे. बाणासुराची कन्या उषा हिच्या नावावरून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. भाऊबीजेला केदारनाथाची दारे बंद झाली की देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसून येथील ओंकारेश्वर मंदिरात येते आणि सहा महिने पूजा येथेच होते. पुढच्या वर्षी दारे कधी उघडायची, हा दिवसही महाशिवरात्रीला येथेच जाहीर होतो.

नातीने विचारले, “अज्जी, देव खाली का येतो?”

“वर बर्फ पडतो गं. त्यालाही सोसवत नाही. आणि ज्यांना चढवत नाही, त्यांना भेटायला नको का?” आजींनी उत्तर दिले. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “बघ, देवसुद्धा डोली करून खाली उतरतो. आपण खाली थांबलो म्हणून काही बिघडलं नाही.”

थोरल्या चिरंजीवांनी त्या दिवशी, कित्येक वर्षांनंतर, आईबरोबर पूर्ण दिवस घालविला. ना दूरध्वनी, ना फाइल. आजोबांचे मोडलेले दोन बेत, त्यासाठी आणलेली आणि पुढे तशीच राहिलेली लोकरीची शाल, असे बरेच काही त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारे पुन्हा एकत्र आले. नातू मान खाली घालून काकांसमोर उभा राहिला. काका म्हणाले, “अरे, तू तरी रामबाड्याच्या वर गेलास. मी तर गुप्तकाशीलाच थांबलो!” सगळे हसले आणि त्या हसण्यात दोघांचे ओझे उतरले.

सर्वांचे शिखर

पुढचा प्रवास ऊखीमठाहून चोपत्याच्या देवदार-बुरांसच्या रानातून चमोलीकडे. चोपत्याला चौखंबा हे ७,१३८ मीटर उंचीचे शिखर समोर उभे राहिले आणि बस आपोआप शांत झाली. एक रात्र जोशीमठाला, म्हणजे आताच्या ज्योतिर्मठाला, मुक्काम झाला. जानेवारी २०२३ मध्ये येथील जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले होते. काही भिंतींवर ते अजून दिसत होते. पहाड किती ठिसूळ आहे आणि माणसाने त्यावर किती भार टाकावा, हा प्रश्न येथे कोणी विचारावा लागत नाही.

पांडुकेश्वरच्या पुढे दरड कोसळून रस्ता चार तास बंद होता. चालकाने इंजिन बंद केले आणि रस्त्याच्या कडेला चहा ठेवला. सोलापूरची उरलेली कडक भाकरी आणि चटणी मागच्या बसमधील बंगाली कुटुंबाबरोबर वाटून खाल्ली गेली; त्यांच्याकडून संदेश आले. “लवकर चला” असे चौदांपैकी कोणीही म्हटले नाही.

बदरीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर आहे, पण रस्ता थेट गावापर्यंत जातो. एव्हाना शरीर उंचीला सरावले होते, ज्योतिर्मठात आजींची पुन्हा तपासणी झाली होती आणि काही तासच थांबून त्याच दिवशी खाली उतरण्याच्या अटीवर डॉक्टरांनी होकार दिला होता. तप्तकुंडाच्या वाफा, खाली अलकनंदेचा घोष आणि माथ्यावर नीलकंठाचे हिमशिखर. आजींनी आजोबांची ती जुनी शाल पांघरली होती. थोरल्या मुलाचा एक हात आणि मधल्या सुनेचा एक हात धरून त्या पायऱ्या चढल्या. मागे अकरा आणि पुढे कोणी नाही, अशी ती छोटीशी मिरवणूक देवळात शिरली.

मोठ्या कुटुंबाने ध्यानात ठेवावे

या यात्रेतून निघणाऱ्या काही व्यावहारिक गोष्टी:

• निघण्यापूर्वी ज्येष्ठांची व रक्तदाब, मधुमेह, दम्याच्या रुग्णांची तपासणी करून घ्यावी. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत.
• यात्रेची अधिकृत नोंदणी आधीच करावी आणि तिची छापील प्रत जवळ बाळगावी.
• चढाईपूर्वी मधल्या उंचीवर किमान एक पूर्ण दिवस थांबावे. डोकेदुखी, उलटी, तोल जाणे अशी लक्षणे दिसल्यास आणखी वर जाऊ नये, खाली उतरावे.
• मागे फिरणाऱ्याबरोबर नेहमी एक मोठी व्यक्ती द्यावी. हे कोण करील, ते आधीच ठरवावे.
• पहाडात मोबाइलची रेंज आणि एटीएम यांवर सर्वस्वी विसंबू नये. लहान किमतीच्या नोटा दोघा-तिघांत वाटून ठेवाव्यात.
• वेळापत्रकात दोन दिवस रिकामे ठेवावेत. दरड कोसळली तर ते उपयोगी पडतात, नाही कोसळली तर विश्रांती मिळते.

परतल्यावर

मल्लेश्वरमला परतल्यावर पहिल्याच सोमवारी सारे घर काडू मल्लेश्वराला गेले. हरिद्वारहून आणलेल्या गंगेचा अभिषेक झाला. आजींनी सोलापूरला दूरध्वनी करून सांगितले, “तुझा बेल पोचला हो. सुनेनं वाहिला.”

दोन महिन्यांनी नातवाला अठरा वर्षे पूर्ण झाली. त्याच आठवड्यात तो मधल्या काकूबरोबर बँकेत गेला, स्वतःचे पहिले खाते उघडले आणि खाऊच्या व बक्षिसाच्या पैशांतून लहानशी आवर्ती ठेव सुरू केली. मुदत चोवीस महिने. घरी येऊन त्याने पासबुक थोरल्या काकांच्या हाती दिले.

“दोन तिकिटांपुरते होतील,” तो म्हणाला. “या वेळी हळू चालेन.”

थोरल्या काकांनी कपाटातून ती जुनी फाइल काढली आणि पासबुक तिच्यात ठेवले.